एका लग्नाची बतावणी

१९४३ सालच्या ऑक्टोबर महिन्याची २१ तारीख. फ्रान्समधील लिओं हे शहर तेव्हा जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. त्या दिवशी तेथील जर्मन पोलिसांच्या कचेरीत एका नियोजित वधूवरांची भेट घडवून आणण्यात आली. वर तुरुंगातून आणलेला. चार महिन्यांच्या बंदिवासाने खंगलेला, आणि मरणाची शिक्षा डोक्यावर असलेला. वधू एका खानदानी घराण्यातील तरुणी म्हणून ओळख सांगणारी आणि पाच महिन्यांची गर्भवती. या माणसाने आपल्याला लग्नाचे वचन दिले होते, त्याला गोळी घालण्यापूर्वी आपले लग्न लावून द्यावे, म्हणजे होणाऱ्या बाळाला बापाचे नाव तरी मिळेल, अशी तिची विनवणी होती. ती विनवणी जर्मन अधिकाऱ्यांना पटली होती.

त्यांना ठाऊक नव्हते ते इतकेच, की या वधूवरांचे लग्न होऊन चार वर्षे होत आली होती. त्यांना अडीच वर्षांचा एक मुलगा होता. आणि ही लाजेने मान खाली घातलेली वधू संध्याकाळी आपल्या नवऱ्याला तुरुंगाकडे परत नेणाऱ्या गाडीवर हल्ला करण्यासाठी हत्यारबंद माणसे सज्ज ठेवून आली होती.

तिचे नाव लूसी ओब्राक. एखाद्या कादंबरीकाराने हा प्रसंग रचला असता, तर अतिरंजित म्हणून टीकाकारांनी त्याला धारेवर धरले असते. तो घडला खरा. मात्र तो सर्वस्वी जसा सांगितला गेला तसाच घडला काय, या प्रश्नाने पुढे अर्धशतकानंतर फ्रान्समध्ये मोठे वादळ उठविले. म्हणून कथा आणि कागद या दोहोंकडेही पाहावे लागते.

लूसी बर्नार हिचा जन्म १९१२ सालचा. घर साधे, मूळ बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांच्या मुलखातले. केवळ बुद्धीच्या आणि जिद्दीच्या जोरावर ती शिकली, आणि १९३८ मध्ये इतिहास विषयाची, फ्रान्समध्ये अत्यंत कठीण समजली जाणारी अध्यापकांची स्पर्धापरीक्षा उत्तीर्ण झाली. स्ट्रासबुर्गला ती शिकवीत असता तेथे तिची रेमाँ साम्युएल या तरुण अभियंत्याशी ओळख झाली. तो ज्यू कुटुंबातील, तिच्याहून दोन वर्षांनी लहान, अमेरिकेत शिकून आलेला. युद्ध सुरू झाल्यावर १९३९ च्या १४ डिसेंबरला दिझाँ येथे त्यांचा विवाह झाला. सहा महिन्यांत फ्रान्सचा पाडाव झाला आणि रेमाँ युद्धकैदी म्हणून जर्मनांच्या हाती सापडला. लूसीने त्याला पहिल्यांदा सोडविले ते तेव्हा. ताप चढविणारे एक औषध तिने त्याच्याकडे पोहोचविले, त्यामुळे त्याची रवानगी इस्पितळात झाली, आणि इस्पितळातून तो निसटला. पुढे जे व्हावयाचे होते त्याची जणू ही रंगीत तालीमच होती.

दोघे लिओंला आली. हे शहर तेव्हा मार्शल पेतँच्या विशी सरकारच्या अमलाखालील दक्षिण भागात होते. जर्मन सैन्याने तेथे कायमचे ठाण मांडले ते १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये. १९४० च्या अखेरीस एमान्युएल दास्त्ये हा पत्रकार, झाँ काव्हाइयेस हा तत्त्वज्ञ आणि हे दांपत्य अशा थोड्या मंडळींनी एक भूमिगत गट उभारला. त्यातून पुढे ‘लिबेरासिओं’ ही संघटना आणि त्याच नावाचे गुप्त वृत्तपत्र निघाले. पहिला अंक १९४१ च्या जुलैमध्ये बाहेर पडला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लूसीला मुलगा झाला होता. दिवसा मुलींच्या शाळेत इतिहास शिकवावयाचा, संध्याकाळी बाळाचे पाहावयाचे, आणि मधल्या वेळात पत्रके, खोटी ओळखपत्रे व निरोप यांची ने-आण करावयाची, असा तिचा दिनक्रम असे. शाळेत ती मादाम साम्युएल होती. संघटनेत तिचे नाव कॅथरीन. ओब्राक हेदेखील रेमाँने घेतलेले एक टोपणनावच. युद्धानंतर तेच घराण्याचे आडनाव झाले.

१९४३ च्या मार्चमध्ये फ्रेंच पोलिसांनी रेमाँला पकडले. त्याच्याजवळची कागदपत्रे फ्रान्स्वा व्हाले या नावाची होती, आणि काळ्या बाजारात साखरेचा व्यवहार करणारा इसम अशी त्याने आपली बतावणी केली होती. ही बतावणी कितपत टिकेल याचा भरवसा नव्हता. तेव्हा लूसी थेट सरकारी वकिलाच्या घरी गेली, आणि आपण जनरल द गॉलच्या वतीने बोलत आहोत असे सांगून, व्हालेची सुटका झाली नाही तर तुमचीही धडगत नाही, अशी तिने त्याला सरळ धमकी दिली. मे महिन्यात रेमाँ सुटला. त्या वर्षी फ्रान्समधल्या सरकारी नोकरांना कोणती बाजू जिंकणार याची चिंता लागून राहिली होती. स्टालिनग्राड नुकतेच होऊन गेले होते. लूसीच्या धमकीला धार आली ती त्यामुळेही असेल.

परंतु हे सुख सहा आठवडेही टिकले नाही. द गॉलने देशातील सर्व प्रतिकारगट एकत्र आणण्यासाठी झाँ मूलँ याला पाठविले होते. गुप्त सेनेचा प्रमुख जनरल दलेस्त्रँ जूनच्या ९ तारखेस पॅरिसमध्ये पकडला गेला, आणि त्याच्या जागी कोण, हे ठरविण्यासाठी २१ जूनला लिओंलगतच्या काल्युइर येथे एका डॉक्टरच्या घरी बैठक भरली. बैठक सुरू होण्यापूर्वीच क्लाउस बार्बी याच्या माणसांनी घर वेढले. मूलँ पकडला गेला. क्लोद एर्मेलँ या नव्या खोट्या नावाने वावरणारा रेमाँही पकडला गेला. रने आर्दी नावाचा एकजण तेवढा पळाला. युद्धानंतर विश्वासघाताच्या आरोपावरून त्याच्यावर दोनदा खटला चालला आणि दोन्ही वेळा तो निर्दोष सुटला. काल्युइरची बातमी कोणी फोडली हा वाद आजही पुरता मिटलेला नाही. मूलँने तोंड उघडले नाही. अमानुष छळाने मरणासन्न झालेला तो जर्मनीकडे नेला जात असता वाटेतच, ८ जुलैच्या सुमारास, मरण पावला.

आता लूसीपुढे पुन्हा तोच प्रश्न होता, पण मामला फ्रेंच वकिलाचा नव्हता. लिओंच्या गेस्टापोचा तो प्रमुख तिशीही न गाठलेला होता, आणि त्याच्या क्रौर्याची ख्याती सबंध शहरात पसरली होती. धमकीने तेथे काम होण्यासारखे नव्हते. तेव्हा लूसीने अगदी उलट रूप घेतले. अबला कुमारिकेचे. गिलेन द बार्बांतान हे सरदारी वळणाचे नाव धारण करून आणि त्या नावाची खोटी कागदपत्रे घेऊन ती बार्बीसमोर जाऊन उभी राहिली. एर्मेलँशी आपला विवाह ठरला आहे, आपल्याला दिवस गेले आहेत, घरी कळले तर अब्रू जाईल, त्याला सोडा, असे तिने सांगितले. दिवस गेले होते ही गोष्ट खरीच होती. बाकी सारे नाटक. बार्बीने तिला सुनावले, की तुझा हा एर्मेलँ म्हणजे व्हाले नावाचा दहशतवादी आहे, त्याला मरण ठरलेले आहे, आणि तू त्याला विसरून जा. असे सांगून त्याने तिला घालवून दिले.

त्या घालवून देण्यातही लूसीला दोन गोष्टी कळल्या. आपला नवरा जिवंत आहे. आणि बार्बी त्याला व्हाले म्हणून ओळखतो, ओब्राक म्हणून नव्हे. निदान तिच्या आठवणींत तरी तिने तसे लिहिले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. विशी सरकारने प्रजासत्ताकाचे स्वातंत्र्य, समता, बंधुता हे ब्रीद बाजूस सारून कष्ट, कुटुंब आणि मायदेश हे नवे ब्रीद मिरविले होते. स्त्रीने घर सांभाळावे, मुले वाढवावी, कुळाची अब्रू राखावी, हाच त्या राजवटीचा उपदेश. जर्मन अधिकाऱ्यांच्या मनातली स्त्रीची प्रतिमा याहून फारशी निराळी नव्हती. फसविल्या गेलेल्या खानदानी मुलीची कहाणी त्यांच्या कानांना ओळखीची होती, म्हणून ती त्यांना खरी वाटली. हत्यार बाळगणारी, हल्ल्याचा बेत आखणारी, इतिहासाची अध्यापिका त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हती. लूसीने शत्रूच्या समजुतीचाच दोर वळला आणि त्यावरून ती आत उतरली. साहसकथांत प्रेमाचा धागा बहुधा शोभेसाठी गुंफलेला असतो. येथे प्रेम हीच युक्ती होती.

आणखी एक साधन तिला कायद्याने दिले. मृत्यू समोर ठाकलेल्या माणसाच्या विवाहासाठी नेहमीच्या अटी शिथिल करण्याची तरतूद फ्रेंच कायद्यात होती. बार्बीकडे दाद लागणार नाही हे पाहून तिने दुसऱ्या जर्मन अधिकाऱ्यांशी संधान बांधले. भेटवस्तू दिल्या, ओळखी काढल्या, आणि मला या माणसाबरोबर संसार करावयाचा नाही, केवळ लग्न लागू द्या, असे आर्जव केले. आठवडेच्या आठवडे हे चालले होते. तिकडे रेमाँ मोंल्युकच्या तुरुंगात होता. कोठडीतून बाहेर काढले जाणारे कैदी चौकशीसाठी नेले जात आहेत की गोळी घालण्यासाठी, हे आत राहणाऱ्यांना कधीच कळत नसे. अकस्मात आपल्याला लग्नासाठी बोलावणे येते आणि समोर आपलीच बायको परक्या नावाने उभी राहते, तेव्हा चेहऱ्यावर काय दिसू द्यावे आणि काय लपवावे! त्या खोलीत रेमाँच्या वाट्याला आलेली भूमिका लूसीच्या भूमिकेहून सोपी नव्हती.

सगळा खटाटोप होता तो रेमाँला तुरुंगाबाहेर आणण्यासाठी. मोंल्युकच्या भिंती फोडण्याचे बळ कोणाजवळच नव्हते. परंतु कचेरी ते तुरुंग या वाटेवर कैद्यांची गाडी उघड्यावर सापडत होती. २१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ती गाडी निघाली, तिच्या मागोमाग लूसीच्या साथीदारांच्या मोटारी निघाल्या. लूसी स्वतः त्यांतल्या एका मोटारीत होती. बुलव्हार देझिरोंदेल, म्हणजे पाकोळ्यांचा रस्ता, या सुंदर नावाच्या रस्त्यावर एक मोटार जर्मन गाडीच्या बरोबरीने आली आणि आवाज दाबणारी नळी बसविलेल्या बंदुकीने चालकाला टिपले. आवाजच न झाल्यामुळे मागे बसलेल्या पहारेकऱ्यांना चालक मेल्याचे कळले नाही. गाडी थांबली का, हे पाहण्यास ते खाली उतरले आणि गोळीबारात सापडले. गाडीतील चौदा-एक बंदिवान मोकळे झाले. उडी टाकताना रेमाँच्या गालाला गोळी लागली, पण तो वाचला. काही मिनिटांत सारे आटोपले होते.

कादंबरी येथे संपली असती. लूसी आणि रेमाँ यांच्या बाबतीत खरा कठीण काळ यानंतर सुरू झाला. आता जर्मनांना त्यांची खरी ओळख पटली. मुलाला दडवून ठेवलेल्या ठिकाणाहून तातडीने हलवावे लागले. जखमी नवरा, अडीच वर्षांचे मूल आणि पोटात वाढणारे दुसरे, अशी ती बाई या घरातून त्या घरात, या खेड्यातून त्या खेड्यात लपत राहिली. लंडनहून विमान यावयाचे होते. परंतु अशी विमाने चांदण्या रात्रीच उतरू शकत, आणि आकाश निरभ्र असावे लागे. विमान येणार असल्याची खूण बी.बी.सी. च्या फ्रेंच कार्यक्रमातून मिळे. बातम्यांनंतर वरवर निरर्थक वाटणारी काही वाक्ये वाचली जात, आणि त्यांतले एखादे वाक्य फ्रान्सच्या एखाद्या कोपऱ्यातल्या पाच-दहा माणसांपुरते जीवनमरणाचे असे. शत्रूच्या देखत, लाखो लोकांच्या कानांवर पडणारा आणि तरीही गुप्त राहणारा निरोप! नभोवाणीचा इतका नाजूक उपयोग क्वचितच झाला असेल. ओब्राक दांपत्यासाठी ठरलेल्या वाक्याचा अर्थ ते धुंदीत निघतील असा होता. हे वाक्य कानी पडण्याची वाट पाहण्यात पौर्णिमेमागून पौर्णिमा गेल्या.

१९४४ च्या फेब्रुवारीत, ८ तारखेच्या रात्री, झुरा भागातील ब्लेत्राँजवळच्या एका माळावर ‘हडसन’ जातीचे विमान उतरले आणि ओल्या जमिनीत रुतून बसले. इंजिनांनी जोर केला, माणसांनी रेटले, विमान हलेना. अखेर आसपासच्या खेड्यांतून लोक आले. त्यांनी बैल आणि घोडे आणले, चाकांभोवतीचा चिखल उपसला. काही तासांच्या झटापटीनंतर विमान निघाले आणि ९ तारखेच्या सकाळी इंग्लंडला पोहोचले. त्या रात्री माळावर आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याने आपला जीव धोक्यात घातला होता, आणि त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याच ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आली नाहीत. १२ फेब्रुवारीला लंडनमध्ये लूसीला मुलगी झाली. आईचे भूमिगत जीवनातले कॅथरीन हे नाव तिला देण्यात आले.

रेमाँच्या आईवडिलांना मात्र कोणी सोडवू शकले नाही. मुलाच्या सुटकेनंतर काही आठवड्यांतच ती दोघे पकडली गेली होती. जानेवारी १९४४ मध्ये त्यांची रवानगी आउश्विट्झला झाली. ती परत आली नाहीत. इंग्लंडकडे जाणाऱ्या विमानाची मुलगा वाट पाहत होता त्याच दिवसांत ही गाडी पूर्वेकडे गेली.

लूसीची कथा युद्ध संपण्यापूर्वीच पसरू लागली होती. १९४६ मध्ये ती अमेरिकेत मुलांच्या एका चित्रमासिकात आली. परंतु तिने स्वतः सविस्तर लेखणी धरली ती फार उशिरा. बार्बी दक्षिण अमेरिकेत दडून बसला होता. १९८३ मध्ये त्याला फ्रान्समध्ये आणण्यात आले, आणि पुढच्याच वर्षी लूसीबाईंचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. लंडनहून आलेले ते धुंदीचे वाक्य हेच त्याचे नाव. पुस्तकाची मांडणी पाहण्यासारखी आहे. ते १४ मे १९४३ ला सुरू होते आणि १२ फेब्रुवारी १९४४ ला संपते. बरोबर नऊ महिने. १४ मे हा या जोडप्याच्या प्रेमाचा वाढदिवस. दरवर्षी त्या दिवशी काही झाले तरी एकत्र असावयाचे, असा त्यांचा परस्परांना शब्द होता. तुरुंगातून सुटलेला रेमाँ त्या दिवशी घरी येतो, आणि तेथून गर्भाबरोबर कथाही वाढत जाते. ही रचना सुंदर आहे. आणि ती सुंदर आहे हीच पुढे अडचण झाली.

१९९७ मध्ये दोन गोष्टी बरोबरच घडल्या. क्लोद बेरी याने लूसीबाईंवर काढलेला चित्रपट झळकला, आणि झेरार शोव्ही या लेखकाचे पुस्तक निघाले. शोव्हीने जुने कागद बाहेर काढले. रेमाँच्या मे महिन्यातील सुटकेची न्यायालयीन तारीख १४ च्या आधीची दिसत होती. काल्युइरला पकडलेले बाकीचे प्रमुख कैदी पॅरिसला हलविले असता रेमाँ लिओंतच का राहिला, याचे उत्तर समाधानकारक नव्हते. बार्बीने आपल्याला ओब्राक म्हणून ओळखले होते की नाही, याविषयी रेमाँचे निरनिराळ्या वेळचे जबाब एकमेकांशी जुळत नव्हते. जन्मठेपेच्या शिक्षेत १९९१ साली मेलेल्या बार्बीच्या नावावर एक मृत्युपूर्व निवेदन होते, आणि त्यात रेमाँलाच फितूर ठरविले होते. तेही शोव्हीने छापले. छळणाऱ्याचा शब्द छळ सोसणाऱ्याविरुद्ध साक्ष म्हणून उभा राहिला.

या वृद्ध दांपत्याने स्वतःहून मागणी केली, की इतिहासकारांनी समोर बसून आपल्याला विचारावे. त्याप्रमाणे त्या मे महिन्यात ‘लिबेरासिओं’ याच नावाच्या नव्या दैनिकाच्या कचेरीत बैठक झाली. मूलँचा एकेकाळचा चिटणीस आणि पुढे त्याचा चरित्रकार झालेला दानिएल कोर्दिए तेथे होता, नामांकित इतिहासकार होते. प्रश्न कठोर होते, काही वेळा उलटतपासणीच्या थाटाचे. पंचाऐंशीच्या घरातील बाईंना एकेका तारखेचा जाब विचारला गेला. फितुरीचा आरोप इतिहासकारांनी निराधार ठरविला. मात्र आठवणींत कथाकाराचा हात फिरलेला आहे, आणि इतिहासाच्या अध्यापिकेने तसे होऊ द्यावयास नको होते, असाही सूर त्यांनी काढला. १९९८ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने शोव्हीला बदनामीबद्दल दोषी धरले, आणि २००४ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. बखर आणि अस्सल कागद यांचे भांडण आपल्याकडे शंभर वर्षे चाललेले आहे, आणि बखरीत तारीख चुकली म्हणून प्रसंगच घडला नाही असे म्हणण्याची घाई कोणी जाणता संशोधक करीत नाही. लूसीबाईंच्या बाबतीत तर कोणता भाग कागदाने तोलावयाचा आणि कोणता तोलता येणारच नाही, हे स्पष्ट आहे. पाकोळ्यांच्या रस्त्यावरचा हल्ला झाला, बंदिवान सुटले, विमान चिखलात रुतले, मुलगी १२ फेब्रुवारीला झाली. बार्बीच्या खोलीत नेमके कोणते शब्द उच्चारले गेले, हे कोणताही कागद सांगणार नाही. खोट्या नावाने जगणारी, आपल्या हालचालींचा एकही पुरावा मागे राहू नये म्हणून जिवाचे रान करणारी माणसे पन्नास वर्षांनी कागदोपत्री पुरावा देऊ शकत नाहीत, यात नवल ते काय? शोव्हीच्या पुस्तकाने दुखविले ते प्रश्न विचारल्यामुळे नव्हे. जुळत नसलेल्या तारखा आणि जल्लादाचा शब्द एकाच ताटात वाढल्यामुळे.

लूसीबाई त्यानंतरही शाळाशाळांतून जात राहिल्या. मुलांपुढे उभ्या राहून ती हकीकत सांगत राहिल्या, पुन्हा अध्यापिका होऊन. १४ मार्च २००७ रोजी, ९४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले, आणि पॅरिसमध्ये राष्ट्राने त्यांना लष्करी मानवंदना दिली. रेमाँ त्यांच्यामागे पाच वर्षे जगला. १० एप्रिल २०१२ रोजी तोही गेला. काल्युइरच्या घरात पकडल्या गेलेल्यांपैकी तो शेवटचा होता.